जहाजाच्या पोटांतील आग

भोंवतालीं अथांग पाणी असतांना जहाजाला आगीचें काय भय, असें किनाऱ्यावरच्या माणसाला वाटतें. पण पाणी बाहेर असतें आणि आग पोटांत. एकोणिसाव्या शतकांत दगडी कोळसा नेणारीं जहाजें भर समुद्रांत पेटूं लागलीं. ढिगांतला कोळसा हवेच्या संसर्गानें आपोआप तापतो. हीं संकटें इतकीं वाढलीं कीं ब्रिटिश सरकारला चौकशीसाठीं रॉयल कमिशन नेमावें लागलें; त्याचा अहवाल १८७६ सालीं आला.

आपल्या मुंबईनें असलाच अनर्थ १४ एप्रिल १९४४ रोजीं पाहिला. व्हिक्टोरिया गोदींत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजांत सुमारें १,४०० टन दारूगोळा होता, आणि त्याच जहाजांत कराचीस चढविलेले कापसाचे गठ्ठे. कापूस आंतल्या आंत धुमसला. पाण्याचा मारा झाला, पण आगीचें मूळ सांपडेना. स्फोटक माल असल्याची खूण म्हणून लावावयाचें तांबडें निशाण जहाजावर नव्हतें. दुपारीं चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानें दुसरा. अग्निशामक दलाचे साठांहून अधिक लोक कामीं आले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर पाळतात तो त्यांच्याचसाठीं.

आतां समुद्रावर नवा माल आला आहे : विजेची मोटार. मोटारी वाहणारें जहाज म्हणजे तरंगती बहुमजली इमारतच. मजल्यामजल्यावर हजारों मोटारी अगदीं खेटून बांधलेल्या; मधून माणूस अंग चोरून कसाबसा जाईल. या सगळ्या पसाऱ्यावर खलाशी अवघे वीस-बावीस!

इंधन, हवा व उष्णता यांपैकीं एक काढून घ्या, म्हणजे आग विझते, असें आम्ही वर्गांत शिकवीत असूं. लिथियमची बॅटरी या नियमाला सहजासहजीं दाद देत नाहीं. तिच्यांतला एक घट बिघडून तापला कीं आंतली रासायनिक क्रियाच उष्णता निर्माण करते. तो शेजारच्या घटाला तापवितो, तो पुढच्याला. त्यांतून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड असे ज्वालाग्राही वायु निघतात. बंद जागेंत ते सांचले तर एका ठिणगीसरशीं स्फोट होतो. कार्बन डायऑक्साइड सोडला तर भोंवतालच्या ज्वाळा दबतील, परंतु घटांतली क्रिया चालूच राहते. तिला थंड करावयास पाणी हवें, आणि तेंही पुष्कळ. मात्र वरच्या मजल्यांवर तुंबलेलें पाणी हेलकावूं लागलें कीं जहाज कलंडूं शकतें. विझलेली बॅटरी कांहीं तासांनीं, कधीं दिवसांनींही, पुनः पेट घेते.

१६ फेब्रुवारी २०२२ रोजीं 'फेलिसिटी एस' हें जहाज अझोर्स बेटांजवळ पेटलें व १ मार्चला सुमारें चार हजार मोटारींसह बुडालें. जून २०२५ मध्यें अलास्काजवळ 'मॉर्निंग मिडास' त्याच गतीला गेलें. तेथें धूर प्रथम दिसला तो विजेच्या मोटारींच्या मजल्यावरून. दोन्ही वेळां सारे खलाशी वांचले.

'फ्रीमँटल हायवे' या जहाजाच्या नशिबीं तें नव्हतें. जुलै २०२३ मध्यें हॉलंडच्या किनाऱ्याजवळ तें पेटलें. कांहीं खलाशांनीं उंचावरून समुद्रांत उड्या टाकल्या. एक भारतीय खलाशी दगावला. जहाजावर विजेच्या मोटारी किती? प्रथम आंकडा सांगितला गेला २५. मागाहून कळलें, ४९८! जळत्या जहाजाशीं झुंजणाऱ्यांना ही गोष्ट उशिरां कळावी, हें मला फार गंभीर वाटतें. लोकांनीं आगीचें खापर तत्काळ या मोटारींवर फोडलें. पण जहाज एमशाव्हेन बंदरांत आणल्यावर खालच्या मजल्यांवरच्या मोटारी, विजेच्यासुद्धां, शाबूत निघाल्या. पेट्रोलची मोटारही जळतेच. पुराव्यावांचून एकीलाच दोषी ठरविणें न्यायाचें नव्हे. कोणत्या मजल्यावर कोणती मोटार उभी आहे, हें मात्र नळी धरणाऱ्याला आधींच ठाऊक असलें पाहिजे.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या धोकादायक मालाच्या संहितेंत पूर्वीं बॅटरीवर चालणारीं सारीं वाहनें ३१७१ या एकाच क्रमांकाखालीं मोडत. लिथियम-आयन बॅटरीच्या वाहनांना आतां ३५५६ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला असून १ जानेवारी २०२६ पासून तो बंधनकारक आहे.