सॉफ्टबॉलमधील कॅचरचा अवरोध : नियमाची जडणघडण व पंचांचा निर्णय

विटीदांडूत खेळणाऱ्याच्या पाठीमागे प्रतिपक्षाचा कोणी बसत नाही. फलंदाजाच्या पाठीशी उभा राहणारा खेळाडू आपल्याकडे परिचित झाला तो क्रिकेटमुळे, आणि क्रिकेटने त्याला आरंभापासून मर्यादा घातली. यष्टिरक्षकाने चेंडूला बॅटचा वा फलंदाजाचा स्पर्श होईपर्यंत, किंवा तो यष्टी ओलांडेपर्यंत, यष्टींच्या मागेच राहावे, अन्यथा 'नो बॉल'.

सॉफ्टबॉलला यष्टीची ही भिंत लाभली नाही. १८८७ साली शिकागो येथील फॅरागट बोट क्लबमध्ये जॉर्ज हॅन्कॉक यांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचाच चेंडू केला आणि बंद सभागृहात हा खेळ सुरू झाला. 'सॉफ्टबॉल' हे नाव १९२६ मध्ये वॉल्टर हॅकन्सन यांनी सुचविले. भारतीय सॉफ्टबॉल महासंघ १९६१ मध्ये स्थापन झाला आणि पुढे विद्यापीठीय स्पर्धांच्या मार्गाने हा खेळ महाराष्ट्रातील महाविद्यालयांपर्यंत पोहोचला. महिलांच्या सामन्यात पिचर अवघ्या ४३ फुटांवरून चेंडू टाकते. ३४ इंचांपर्यंत लांबीची बॅट मागून पुढे येत असताना कॅचरचा हातमोजा काही इंच पुढे सरकला तरी दोहोंची गाठ पडते.

बेसबॉलची नियमावली या घटनेला 'इंटरफिअरन्स' म्हणते, सॉफ्टबॉलची 'ऑब्स्ट्रक्शन'. सॉफ्टबॉलमध्ये क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने आणलेली आडकाठी ही ऑब्स्ट्रक्शन, तर फलंदाजी करणाऱ्या संघाची ढवळाढवळ ही इंटरफिअरन्स. मराठीत मात्र दोन्हींसाठी सर्रास 'अडथळा' हाच शब्द वापरला जातो. दोष कोणाचा आणि दंड कोणाला, हेच त्यामुळे पुसट होते. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्यासाठी 'अवरोध' व दुसऱ्यासाठी 'हस्तक्षेप' हे शब्द रूढ व्हावेत.

अवरोध दिसताच खेळ थांबविणे ही नवख्या पंचांची नेहमीची चूक. नियमाला ते अभिप्रेत नाही. पंचाने डावा हात मूठ वळून बाजूला आडवा धरावा आणि खेळ पूर्ण होऊ द्यावा. फलंदाज पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला व अन्य सर्व धावपटू किमान एक बेस पुढे गेले, तर अवरोध रद्द समजला जातो. तसे न घडल्यास निवड फलंदाजी करणाऱ्या संघाच्या व्यवस्थापकाची : झालेला खेळ मान्य करावा, किंवा फलंदाजाला पहिला बेस घ्यावा. दुसऱ्या पर्यायात ज्यांना जागा मोकळी करून देणे भाग आहे तेवढेच धावपटू पुढे सरकतात.

समजा, एक गडी बाद आहे आणि धावपटू फक्त तिसऱ्या बेसवर आहे. बॅट हातमोज्याला घासून चेंडू संथ घरंगळला, धाव झाली, फलंदाज पहिल्या बेसवर बाद झाला. व्यवस्थापक धाव व बाद दोन्ही स्वीकारू शकतो. अन्यथा फलंदाज पहिल्या बेसवर, पण धावपटू पुन्हा तिसऱ्यावर आणि धाव रद्द. बरोबरीच्या सामन्यात, शेवटच्या डावात, बहुतेक जण धावच घेतील. घाईने खेळ थांबविणारा पंच हा पर्यायच हिरावून घेतो आणि कॅचरच्या चुकीची शिक्षा निरपराध संघाला भोगावी लागते.