‘घेऊन टाक!’ : पीसी गेमच्या सुट्टीतल्या सेलची कुळकथा

डिसेंबरचा तिसरा-चौथा आठवडा लागला की एका रात्री साडेअकराच्या सुमारास पीसीवर गेम खेळणाऱ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप जागे होतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू इथल्या व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’ या दुकानात हिवाळी सेल लागलेला असतो. पहिली काही मिनिटं गर्दीमुळे पान धड उघडत नाही. उघडलं की जे सुरू होतं ते पुढचे दोन आठवडे थांबत नाही. ‘हा घेतलास का?’, ‘तो पाऊण किंमत उतरलाय बघ’, ‘थांब, याच्या आधी पहिला भाग खेळ’, ‘तुझ्या लॅपटॉपवर नाही चालायचा’. नाताळ न पाळणाऱ्या घरांतही ही रात्र पाळली जाते.

या सेलची गोष्ट बहुतेक वेळा किमतींची गोष्ट म्हणून सांगतात : अमुक साली इतके टक्के, तमुक साली तितके. मला मात्र तिच्यात एकाने दुसऱ्याला आवर्जून सांगितलेल्या खेळांची गोष्ट दिसते. आकडेही तेच सांगतात, पण त्यांच्याकडे वळण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

गेम स्वस्तात विकायची कल्पना इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. १९८४ साली ब्रिटनमध्ये मास्टरट्रॉनिक या कंपनीने १ पौंड ९९ पेन्सला गेमच्या कॅसेट विकायला काढल्या. नव्या गेमला तेव्हा पाच ते दहा पौंड पडत. या कॅसेट कॉम्प्युटरच्या दुकानांपुरत्या राहिल्या नाहीत. वर्तमानपत्रं आणि चॉकलेटं विकणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानात त्या आल्या आणि शाळकरी मुलं खाऊच्या पैशांतून गेम घेऊ लागली. पुढे ओशनसारख्या मोठ्या कंपन्यांनीही आपले गाजून जुने झालेले गेम वेगळ्या नावाने, कमी किमतीत पुन्हा बाजारात आणले. अमेरिकेत मोठ्या दुकानांच्या दाराशी न खपलेल्या सीडी ढिगाने टाकलेल्या मोठ्या पेट्या असत, त्यांत हात घालून शोधायचं. अशा पेटीत गेलेला गेम म्हणजे त्याचं आयुष्य संपलं, असं त्याचा प्रकाशक मानायचा. खोका छापायला पैसे पडलेले, फळीवरची जागा अडलेली, नवा माल येऊन थांबलेला. सूट द्यायची ती माल हलवण्यासाठी.

आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर याच काळात दुसराच बाजार भरत होता. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेल्या, वर मार्करने नाव लिहिलेल्या कॉपी सीडी. अस्सल खोका घेणं मध्यमवर्गीय घराला परवडायचं नाही, आणि बरेच गेम अस्सल स्वरूपात इथे मिळतही नसत. पण त्या बाजाराची एक खूण मला महत्त्वाची वाटते. तिथे जाताना कुणीतरी सांगितलेलं नाव खिशात असायचं. शाळेतला वरच्या वर्गातला मुलगा, सायबर कॅफेवाला, आतेभाऊ. शिफारस आधी आणि खरेदी नंतर, हा क्रम तिथेही होता.

व्हॉल्व्ह ही कंपनी गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन या मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या दोघांनी १९९६ साली काढली. १९९८ मध्ये त्यांचा ‘हाफ-लाइफ’ आला आणि गाजला. स्टीम सुरू झालं १२ सप्टेंबर २००३ रोजी, तेही दुकान म्हणून नव्हे. ‘काउंटर-स्ट्राइक’ ऑनलाइन खेळणाऱ्या लाखो लोकांकडे गेमची नवी दुरुस्ती एकाच वेळी पोचावी, एवढ्यासाठी ते केलेलं होतं. लोकांना ते अजिबात आवडलं नाही. २००४ च्या नोव्हेंबरात ‘हाफ-लाइफ २’ आला तेव्हा खोका विकत घेऊनही स्टीम टाकल्याशिवाय तो चालेना आणि संताप आणखी वाढला. पुढच्या वर्षी ‘रॅग डॉल कुंग फू’ आणि ‘डार्विनिया’ हे बाहेरच्यांचे गेम तिथे विकायला आले आणि दुरुस्त्या पोचवणारी ही व्यवस्था हळूहळू दुकान झाली.

हे दुकान वेगळ्या जातीचं होतं. इथे फळी भरत नाही, एक प्रत विकली म्हणून एक प्रत कमी होत नाही, आणि दहा वर्षं जुना गेम आजच्या गेमशेजारी तितक्याच सहजपणे राहतो. हलवायला पडून राहिलेला माल नाही, मग सूट कशासाठी द्यायची? याचं उत्तर व्हॉल्व्हला तर्काने सापडलं नाही, करून बघून सापडलं.

फेब्रुवारी २००९ मध्ये लास व्हेगासला भरलेल्या, गेम करणाऱ्यांच्या डाइस परिषदेत न्यूवेल यांनी काही आकडे मांडले. आदल्या सुट्टीच्या सेलमध्ये ज्या गेमवर १० टक्के सूट होती त्यांची विक्री ३५ टक्क्यांनी वाढली. २५ टक्के सूट असलेल्यांची २४५ टक्क्यांनी, ५० टक्केवाल्यांची ३२० टक्क्यांनी, आणि ७५ टक्के सूट असलेल्यांची १४७० टक्क्यांनी. ही वाढ विकलेल्या प्रतींची नव्हती, डॉलरमधली होती. पाव किमतीत विकून गल्ला जवळजवळ सोळापट झाला होता. व्हॉल्व्हचा स्वतःचा ‘लेफ्ट ४ डेड’ त्याच महिन्यात एका शनिवार-रविवारी अर्ध्या किमतीला ठेवला, तर विक्री ३००० टक्क्यांनी चढली. नोव्हेंबरात तो गेम नवा आला होता तेव्हाही स्टीमवर इतका गल्ला जमला नव्हता.

हे आकडे खूप ठिकाणी छापून आले आणि ‘स्वस्त करा, खपेल’ एवढा त्यांचा अर्थ निघाला. तो अपुरा होता, हे न्यूवेल यांनीच २०११ साली सांगितलं. त्यांच्या लोकांनी आधी एक प्रयोग केला होता : ‘काउंटर-स्ट्राइक’ची किंमत गाजावाजा न करता खालीवर करून बघितली. जाहिरात नाही, फलक नाही, कुणाला काही सांगायचं नाही. किंमत उतरवली की प्रती जास्त खपत, चढवली की कमी. जमा होणारी रक्कम मात्र जिथल्या तिथे. पाठ्यपुस्तकात आखावा तसा नियम हाती आला. मग त्यांनी सेल जाहीर केला आणि ७५ टक्के सूट दिली. आधीच्या अनुभवावरून रक्कम तेवढीच राहायला हवी होती. ती चाळीसपट झाली. सेल संपल्यावरही विक्री आधीपेक्षा वर राहिली, आणि खोक्यात विकणाऱ्या दुकानांचं गिऱ्हाईक पळालं नाही, उलट तिथला खपही वाढला.

किंमत दोन्हीकडे उतरलेली, फरक फक्त सगळ्यांना एकाच वेळी कळण्याचा. गुपचूप उतरलेली किंमत पाहणारा माणूस एकटा घेतो किंवा एकटाच सोडून देतो. जाहीर सेलमध्ये तो पाहतो, मित्राला सांगतो, मित्र म्हणतो ‘तू घेत असशील तर मीही घेतो’, आणि दोघं मिळून तिसऱ्याला गाठतात. माझ्या समजुतीप्रमाणे तो चाळीसपट गल्ला या बोलण्यातून उभा राहिला. सवलतीने बोलायला निमित्त दिलं.

‘लेफ्ट ४ डेड’ चौघांनी मिळून खेळायचा गेम. स्टीमवर त्याच्या चार प्रती एकत्र, तीन प्रतींच्या किमतीत मिळत. म्हणजे स्वस्तात हवा असेल तर आधी तीन माणसं जमवायची! कॉलेजच्या होस्टेलांवर अशा चौकडी जमत. एकाच्या कार्डावरून खरेदी आणि बाकीच्यांकडून रोख. त्या काळात घेतलेली जादा प्रत भेट म्हणून आपल्या खात्यात जपून ठेवता येई. कुणाचा वाढदिवस आला की काढायची आणि द्यायची.

२०१० ते २०१५ हा या सेलचा बहराचा काळ. २०१० च्या जूनपासून उन्हाळी सेलही सुरू झाला. रोज बदलणाऱ्या ऑफर, मध्येच काही तासांपुरती उतरणारी किंमत, सोबत कोडी आणि बक्षिसं. २०११ च्या नाताळात छोटी-छोटी कामगिरी केल्यावर कधी गेम मिळे, कधी कोळशाचा तुकडा; खोडकर मुलांना सांताक्लॉज कोळसा देतो ही तिकडची समजूत. मुरलेले लोक नवख्यांना एक नियम शिकवत : रोजच्या ऑफरमध्ये दिसल्याशिवाय शेवटच्या दिवसापर्यंत काही घ्यायचं नाही. हा नियम कंपनीने छापलेला नव्हता. कानोकानी पसरलेला होता, आणि त्याने कितीतरी पोरांचे पैसे वाचवले.

भारतातून यात उतरणं तेव्हा सोपं नव्हतं. किमती डॉलरमध्ये, आंतरराष्ट्रीय व्यवहार चालेल असं क्रेडिट कार्ड हवं, वर बँकेचं रूपांतर शुल्क. विद्यार्थ्याकडे यातलं काहीच नसे. ज्याचा भाऊ नोकरीला लागला किंवा मैत्रीण अमेरिकेला शिकायला गेली, त्याची सोय. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमवर रुपयांत किमती आल्या आणि लॅमिंग्टन रोडवरच्या पाकिटाशी स्पर्धा करील असा अस्सल गेम पहिल्यांदा बऱ्याच जणांच्या आवाक्यात आला. चोरी थांबवायला कुलूप उपयोगाचं नाही, चोराहून चांगली सेवा द्यावी लागते, असं न्यूवेल रशियाच्या बाजाराचा दाखला देत सांगत आले होते. माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी या काळात, आधी फुकट खेळलेले गेम पैसे देऊन पुन्हा घेतले, पुन्हा खेळायचे नसतानाही. त्याचं मोल मी फार मानतो.

विरोधही झाला, आणि तो सगळा पोकळ नव्हता. २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ‘ओरिजिन’ दुकानाचे प्रमुख डेव्हिड डिमार्टिनी म्हणाले की ७५ टक्क्यांच्या सेलने गेमची किंमतच लोकांच्या मनातून उतरते. (पुढे ओरिजिननेही मोठे सेल लावले.) जेसन रोहरर या एकट्याने गेम करणाऱ्याचं म्हणणं जास्त जिव्हारी लागणारं होतं. २०१४ च्या जानेवारीत त्याने लिहिलं की सेल हा पहिल्या दिवशी विश्वासाने पूर्ण किंमत देणाऱ्या चाहत्यावरचा अन्याय आहे. आपल्या ‘द कॅसल डॉक्ट्रिन’ची किंमत त्याने उलटी लावली : सुरुवातीला कमी, मग चढती. प्रागमधल्या ‘फॅक्टोरिओ’च्या लोकांनी तर कधीही सेल न करण्याचं ठरवलं आणि पाळलं, २०२३ च्या जानेवारीत त्यांनी किंमत ३० डॉलरवरून ३५ वर नेली. तरी तो गेम धो धो खपतो, कारण तो खेळलेला माणूस गप्प बसत नाही. सेलशिवायही शिफारस चालते, याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

दुसरा दोष न खेळलेल्या गेमच्या ढिगाचा. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘आर्स टेक्निका’ या संकेतस्थळाने स्टीमच्या खात्यांची पाहणी करून अंदाज बांधला : खात्यांवर जमा असलेल्या गेमपैकी सुमारे ३७ टक्के एकदाही उघडले गेलेले नाहीत. लोक गेम घेत नव्हते, सूट घेत होते. माझ्या मते हा ढीग वाढतो तो शिफारस आळशी झाल्यावर. ‘ऐंशी टक्के ऑफ, घेऊन टाक’ यात त्या गेमबद्दल एक अक्षरही नाही, आणि ज्याला सांगतोय त्याच्याबद्दलही नाही.

२०१३ च्या अखेरीस स्टीमवर खेळणाऱ्यांना अंगठा वर किंवा खाली करून मत लिहिता येऊ लागलं आणि आपण त्या गेमवर किती तास घालवले हे त्या मताशेजारी दिसू लागलं. मला ही फार मोलाची सोय वाटते. दहा मिनिटं खेळलेला आणि दोनशे तास खेळलेला माणूस एका नजरेत ओळखू येतो. जून २०१५ मध्ये परतावा आला : घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून रोजच्या आणि तासांच्या ऑफर गेल्या. पहिल्या दिवशीची किंमत शेवटपर्यंत तीच. खेळ परत करून त्याच संध्याकाळी आणखी स्वस्तात घेता येत असेल, तर काही तासांच्या ऑफरला अर्थ उरत नाही. जुन्या लोकांना ती धावपळ आठवते, मलाही आठवते. पण नोकरी, घर, मुलं सांभाळून खेळणाऱ्या माणसाला दर आठ तासांनी दुकानात डोकवायला लावणं चांगलं नव्हतं. २०१७ मध्ये भेटीच्या प्रती साठवून ठेवणंही बंद झालं. ते मात्र मला आजही खटकतं.

आता शिफारस नीट करायची झाली तर गेमचं नाव आणि टक्केवारी पुरत नाही. कुणासाठी, किती तासांचा, कीबोर्डवर चालतो की कंट्रोलर हवा, पहिल्या दोन तासांत काय दिसलं तर ठेवायचा आणि काय दिसलं नाही तर परत करायचा, हे सांगावं. तेव्हा पुढच्या हिवाळी सेलसाठी माझ्याकडून दोन नावं. ज्याला मारधाड आणि देवळांची शिल्पं एकत्र आवडतील, आणि जो गेम आठवड्याभरात संपावा असं म्हणेल, त्याने पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ घ्यावा. तो २०२० मध्ये आला, कंट्रोलर असला तर उत्तम. आणि ज्याच्या घरी रहस्यकथांनी कपाट भरलंय, त्याने लुकस पोप यांचा २०१८ चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. ईस्ट इंडिया कंपनीचं एक बेपत्ता जहाज १८०७ मध्ये परत येतं, त्यावर जिवंत कुणी नाही, आणि साठ माणसांचं काय झालं ते आपण विम्याचे निरीक्षक म्हणून शोधायचं. त्या साठांत हिंदुस्थानी खलाशीही आहेत. आपल्याला लढायचं नाही, घाई नाही, साधा लॅपटॉप पुरतो. वही-पेन जवळ ठेवा. पहिल्या दोन तासांत एकाही माणसाची ओळख स्वतःच्या डोक्याने पटवावीशी वाटली नाही, तर बिनदिक्कत परत करा.