चाळीस पानांचा प्रबंध

मी इतिहासाचा अध्यापक. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबरच संपला. तेव्हा त्या शास्त्रातल्या डॉक्टरेटविषयी मी चार शब्द सांगावेत, हे तुम्हांला जरा चमत्कारिक वाटेल. पण प्रसंगच तसा घडला.

गेल्या धानकापणीच्या सुमारास आमगावकडचे एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी आमच्याच महाविद्यालयात शिकलेली. पुढे नागपूरला जाऊन रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. आता तिला पीएच.डी. करायची होती. बाप म्हणाला, "सर, पोरगी एम.एस्सी. झाली. आता अजून काय शिकाचं रायलं? अन् काहून?"

प्रश्नात राग नव्हता, हिशेब होता. चार-पाच वर्षे जायची, नागपूरच्या गाडीचे हेलपाटे व्हायचे, लग्नाचे वय पुढे सरकायचे. मी त्या दिवशी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि त्यांना चहा पाजून वाटेला लावले. ते उत्तर मलाच पटले नाही. म्हणून आज नीट सांगतो. आणि इतिहासाचा माणूस म्हटल्यावर तो गोष्टीतूनच सांगणार, हेही ओघाने आलेच.

एम.एस्सी.पर्यंत माणूस दुसऱ्यांनी शोधलेले शिकतो. पीएच.डी.ला असा एक प्रश्न घ्यावा लागतो, की ज्याचे उत्तर कोणत्याच पुस्तकात नाही. ते उत्तर प्रयोगशाळेत राबून स्वतः काढायचे, प्रबंध लिहायचा, आणि बाहेरच्या परीक्षकांपुढे बसून तो टिकवून दाखवायचा. एवढाच त्या पदवीचा अर्थ. प्रबंध किती जाड, याला फारसे महत्त्व नाही. माझ्या गोष्टीतला प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा आहे.

१९३३ साल. कमला भागवत नावाची मराठी मुलगी मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाली. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला पदार्थविज्ञान. जन्म इंदूरचा, १९११ सालचा. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेले. वडील-काका जिथे शिकले तिथेच आपणही जावे, असे या मुलीला वाटले तर नवल काय? तिने अर्ज पाठवला. तो नामंजूर झाला. गुण कमी पडले म्हणून नव्हे, मुलगी म्हणून.

संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवलेला हा माणूस. सगळ्या देशाला त्याचा अभिमान. आणि त्या माणसाचे मत असे, की संशोधन हे बायकांचे काम नाही. थोर माणसांच्या चरित्रांतून अशा गोष्टी गाळण्याची आपल्याकडे चाल आहे. मला ती पसंत नाही. रामन मोठे होते आणि या बाबतीत ते चुकले होते. दोन्ही विधाने एकाच वहीत लिहिता येतात.

कमला भागवत घरी बसली नाही. ती थेट बंगलोरला गेली आणि संचालकांच्या कार्यालयापुढे तिने सत्याग्रह मांडला. तो काळच सत्याग्रहाचा होता, पण प्रयोगशाळेच्या प्रवेशासाठी सत्याग्रह हे अपूर्वच म्हणायचे. शेवटी रामन नमले, तरी अटी घालूनच. पहिले वर्ष ती नियमित विद्यार्थिनी धरली जाणार नाही. कामाची प्रत संचालकांना पसंत पडल्यावरच त्याला मान्यता मिळेल. आणि तिच्यामुळे मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये! ही तिसरी अट वाचताना मला आजही मनुष्यस्वभावाची गंमत वाटते. लक्ष विचलित व्हायचे मुलांचे, आणि त्याची हमी द्यायची मुलीने.

तिने अटी मानल्या. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर वर्षभर काम केले. ते पाहून रामन यांचे समाधान झाले, आणि संस्थेचे दार पुढच्या मुलींसाठीही उघडले. मात्र पहिल्या वर्षीचा तो अपमान कमलाबाई उतारवयातही विसरल्या नव्हत्या. का विसराव्यात?

१९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या आणि १९३७ साली केंब्रिजला गेल्या. तिथे व्हिटॅमिनच्या शोधासाठी नोबेल मिळवलेल्या हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा भरलेली होती, कामाला टेबल मोकळे नव्हते. डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकाने दिवसा आपले टेबल त्यांना देऊ केले. एका ठिकाणी दाराशी बसावे लागले, दुसऱ्या ठिकाणी एका परक्या माणसाने आपली जागा दिली. पुढे रॉबिन हिल यांच्याबरोबर त्या वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करू लागल्या. हाताशी होता साधा बटाटा. त्यात त्यांना सायटोक्रोम-सी हे द्रव्य सापडले. जिवंत पेशीला श्वसनातून जी शक्ती मिळते, त्या व्यवहारात हे द्रव्य मधल्या हमालाचे काम करते: इकडून इलेक्ट्रॉन घ्यायचे, तिकडे पोचवायचे. प्राण्यांच्या पेशींत ते ठाऊक होते. वनस्पतींच्या पेशींतही तेच यंत्र चालते, हे कमलाबाईंनी दाखवले. काम चौदा महिन्यांचे, प्रबंध चाळीस पानांचा. १९३९ साली पीएच.डी. मिळाली.

तुम्ही म्हणाल, विलायतेत तरी बाईमाणसाला न्याय मिळाला. थांबा! त्या काळी केंब्रिज स्त्रियांना पदवीचे नाव देत असे, विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व देत नसे. ते मिळायला १९४८ साल उजाडले.

कमलाबाईंना शास्त्रातली पहिली भारतीय स्त्री डॉक्टर म्हणतात. ते काटेकोर खरे नाही. जानकी अम्माळ यांनी वनस्पतिशास्त्रात १९३१ सालीच अमेरिकेत डॉक्टरेट मिळवली होती. पहिली कोण, हा वाद मला गौण वाटतो. ज्यांना पदवी मिळालीच नाही त्यांची आठवण मला अधिक छळते. रामन यांच्याच प्रयोगशाळेत अण्णा मणी यांनी हिरे-माणकांवर काम करून १९४५ साली प्रबंध दिला. त्यांच्याकडे एम.एस्सी. नाही, या कारणावर मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. खुद्द कमलाबाईंच्या थोरल्या बहिणीची डॉक्टरेटही राहून गेली. त्या म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवत. आदिवासींच्या अभ्यासासाठी त्या मध्यप्रांताच्या रानांतून हिंडल्या, विषारी सुरण खाण्यात आला आणि वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळल्या. पुढे १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या, ती कथा वेगळी.

आता बापाच्या "काहून"कडे येतो. कमलाबाई १९३९ साली परत आल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गरिबाच्या ताटातले पदार्थ तपासायला घेतले. नीरेत पोषक काय, वालासारख्या कडधान्यात पचनाला अडवणारे द्रव्य कोणते, याचा छडा लावला. डाळ नीट शिजवा, असे आजी सांगते. त्यामागचे कारण या लोकांनी काचेच्या नळीत दाखवले.

आणि आपली लाखोळी? धान कापायच्या आधी बांधीत ओल असतानाच आपण ती फेकतो. दुष्काळात महिनोन् महिने तीच खाल्ली, की काहींचे पाय कायमचे आखडतात, हे लोकांना पिढ्यान् पिढ्या दिसत होते. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदीही आली. पण तिच्यातले विष नेमके कोणते? ते १९६४ साली राव, अडिगा आणि सरमा या तिघांनी शोधून काढले. कुठे? बंगलोरच्या त्याच संस्थेत, जिच्या दाराशी कमला भागवत बसली होती. विषाचे नाव-गाव कळले, म्हणून ते मोजता येऊ लागले. मोजता आले, म्हणून ते कमी असलेले वाण निवडता येऊ लागले. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिले तर विष किती उतरते, हेही तपासता आले.

हे सारे मी त्या शेतकरीदादांना मागच्या आठवड्यात सांगितले. लाखोळीपर्यंत आलो तेव्हा ते सरसावून बसले. त्यांच्या आजोबांच्या काळी गावात काठी टेकत चालणारे दोघे-तिघे होते, असे म्हणाले. मग विचारले, "त्या बाईले चौदा महिने लागले. हिले किती?"

मी म्हटले, चार वर्षे धरा, पाचही लागतील.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मुलीने नागपूर विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरला आहे. विषयाच्या रकान्यात तिने लाखोळी लिहिली आहे. मार्गदर्शकांचा होकार अजून यायचा आहे.