वाजंत्र्याकडून वादकाकडे : नागपुरातील ढोल-ताशा पथके – निधी, निवड व पुरस्कार यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात ढोल-ताशा पथकांना गेल्या दोन-अडीच दशकांत मोठे स्थान प्राप्त झाले आहे. गणेशोत्सव, शिवजयंती, गुढीपाडवा, रामनवमी अशा प्रसंगी एकसारखा पोशाख केलेले तरुण-तरुणी कमरेला ढोल बांधून वाजवीत चालले आहेत, हे दृश्य पुण्याप्रमाणे नागपुरातही रूढ झाले आहे. ही पथके म्हणजे केवळ हौशी वादकांचे मेळावे नव्हेत. त्यांना पैसा उभा करावा लागतो, वादकांची निवड करावी लागते आणि समाजाकडून मान्यता मिळवावी लागते. निधी, निवड व पुरस्कार या तीन बाबींचा इतिहास तपासला असता वादनाच्या कलेबरोबरच वादकाच्या सामाजिक दर्जाचाही इतिहास हाती लागतो. प्रस्तुत लेखात नागपूर शहर केंद्रस्थानी ठेवून या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

गावगाड्यातील वादन : कर्तव्य आणि मोबदला

पारंपरिक ग्रामव्यवस्थेत वाद्य वाजविणे ही आवडीची बाब नसून जातीने नेमून दिलेले काम होते. प्रदेशपरत्वे फरक असला तरी हे काम प्रामुख्याने मांग समाजाकडे, काही भागांत महार, गुरव व घडशी यांच्याकडे असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदार-अलुतेदारांच्या कामांचे व हक्कांचे तपशीलवार वर्णन केले आहे. त्याच सुमारास, १९१६ साली, रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातही मांगांचा उल्लेख गावचे वाजंत्री म्हणून येतो. नागपूर ही त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. त्यामुळे ही नोंद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

या व्यवस्थेत निधी, निवड व सन्मान हे तिन्ही प्रश्न जन्मानेच सुटलेले होते. मोबदला बलुत्याच्या, शिध्याच्या किंवा ओवाळणीच्या रूपाने मिळे. निवडीचा प्रश्नच नव्हता. बापाचे वाद्य मुलाच्या गळ्यात येई. सन्मानाचा प्रश्न तर त्याहून बिकट होता. ज्याच्या वाद्यावाचून लग्न किंवा देवाची पालखी निघत नसे, त्याला मांडवाबाहेर आणि देवळाबाहेर उभे राहावे लागे. चामड्याशी येणारा संबंध हा त्याच्या अस्पृश्यतेचा आणखी एक आधार मानला जाई.

नागपूरची मिरवणूक-परंपरा

नागपूरला मिरवणुकीची परंपरा जुनी आहे. भोसल्यांच्या राजधानीतील उत्सव, सीताबर्डी व कामठी येथील ब्रिटिश लष्करी तळांवरील बँड आणि १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमुळे वाढलेली कामगारवस्ती यांतून शहराचे नादविश्व घडले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतीची मिरवणूक हे त्याचे ठळक उदाहरण होय. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासून व पिवळ्या मारबतीची १८८५ पासून सांगितली जाते. म्हणजेच १८९३ मध्ये पुण्या-मुंबईकडे गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप येण्यापूर्वीच नागपुरातील सामान्यजन लोकवर्गणीतून आणि वाद्यांच्या गजरात रस्त्यावर उतरत होते.

ही परंपरा एका धर्माची नव्हती. ताशा हे वाद्य व त्याचे नाव फारसी परंपरेतून आले आणि मोहरमच्या मिरवणुकांतून ते लोकप्रिय झाले. १८९३ पूर्वी अनेक ठिकाणी हिंदू वादक ताबुतांपुढे वाजवीत असत. त्या वर्षीच्या दंगलींनंतर हा सहभाग ओसरला आणि मेळे, पथके व मिरवणुका यांचा साचा गणेशोत्सवात दिसू लागला, असे या काळाच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. नागपुरात ताजबागच्या उर्सातील संदलची मिरवणूक आजही या सामायिक वारशाची साक्ष देते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिस्तबद्ध संचलनाची भर पडली. नागपुरात १९२५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने लष्करी बँडच्या धर्तीवर घोष पथक उभारले व आनक, पणव, शंख, वंशी अशी देशी नावे वाद्यांना दिली. वाद्य वाजविणारा हा बलुतेदार नसून स्वयंसेवक असतो, ही कल्पना येथे संघटित स्वरूपात आढळते.

नकाराचा इतिहास

वादकाच्या इतिहासातील सर्वात महत्त्वाची घटना वाद्य हाती घेण्याची नसून वाद्य खाली ठेवण्याची आहे. मार्च १९२७ मधील महाड येथील परिषदेपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्यांना हीनत्वदर्शक वतनी कामे सोडण्याचे आवाहन केले. त्यात मृत जनावरे ओढण्याबरोबरच गावकीची इतर बंधनकारक कामेही होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर विदर्भातील गावोगावी अनेक कुटुंबांनी सवर्णांच्या लग्नात व देवकार्यात वाजविण्यास नकार दिला. या नकाराची किंमत बहिष्काराने आणि बुडालेल्या बलुत्याने मोजावी लागली. वाद्याचा त्याग ही येथे कलेची उपेक्षा नव्हती. सक्तीच्या वादनातून सुटका करून घेण्याची ती कृती होती.

दुसरीकडे, ज्या कुटुंबांजवळ अन्य साधन नव्हते त्यांनी डफडे, हलगी, सनई, संबळ ही वाद्ये चालूच ठेवली. शहरात येऊन त्यांतील काही बँड पथकांत सामील झाले. बलुत्याची जागा सुपारीने घेतली. परंतु वादकाच्या प्रतिष्ठेत त्या प्रमाणात वाढ झाली नाही.

पथकाचा उदय : पुणे आणि नागपूर

याच काळात पुण्यात वेगळी प्रक्रिया घडत होती. विसर्जन मिरवणुकीत पूर्वी मुळशी, मावळ या भागांतील ग्रामीण ढोल पथके सुपारी घेऊन येत. १९६२ मध्ये आप्पासाहेब पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने पुढे विद्यार्थ्यांची बरची व ढोल पथके मिरवणुकीत उतरविली. मुलींनाही वादनाची संधी दिली. रमणबाग प्रशालेसारख्या शाळांच्या पथकांनी हीच वाट धरली. शाळेने आणि शिक्षकाने हाती घेतल्यामुळे ढोल हे संस्काराचे साधन ठरले. वाद्याच्या रचनेतील बदलही याला पूरक होता. कातड्याच्या पानाच्या जोडीने कृत्रिम पाने सर्रास वापरात आली व चामड्याशी जोडलेला विटाळाचा भाव आपोआप मागे पडला.

नागपुरात या धर्तीची पथके मुख्यतः २०१० नंतरच्या दशकात वाढली. शिवगर्जना, गजवक्त्र यांसारखी पथके गणेशोत्सवाबरोबरच महालातील शिवजयंती व गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत वाजवू लागली. ध्वनिवर्धकांवरील निर्बंध हेही या वाढीचे एक कारण मानता येईल. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरच्या बंदीवर शिक्कामोर्तब केले. डीजेला सुसंस्कृत पर्याय म्हणून पथकांकडे पाहिले जाऊ लागले. तथापि २०१० च्या दुरुस्तीने वाद्येही रात्रीच्या बंदीच्या कक्षेत आली, हे लक्षात घेतले पाहिजे.

निधी

पथकाच्या अर्थव्यवस्थेचे तीन स्रोत दिसतात : सदस्यांची वर्गणी किंवा प्रवेशशुल्क, मंडळांकडून मिळणारे मानधन आणि देणगीदार. वादक सामान्यतः व्यक्तिशः मोबदला घेत नाही. जमा होणारी रक्कम वाद्यांची खरेदी, पाने बदलणे, दुरुस्ती, वाहतूक, पोशाख यांवर खर्च होते व उरलेली रक्कम सामाजिक उपक्रमांना दिली जाते. मंडळाकडून मिळणारी रक्कम ही अखेर लोकवर्गणीच असते. नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळांना अशा वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ (क) अन्वये धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. म्हणजे बलुत्यातील धान्याच्या जागी पावतीपुस्तक आले. येथे एक मूलभूत फरक पडतो. पारंपरिक वादकाला मिळणारी सुपारी त्याच्या चुलीपर्यंत जाते. पथकाचे मानधन संस्थेच्या खात्यात जमा होते. मंडळाच्या दृष्टीने दोघेही वाजविणारेच आहेत. परंतु एकाला मजुरी मागावी लागते आणि दुसऱ्याला मजुरी न घेण्याची प्रतिष्ठा लाभते.

निवड

पथकाची प्रवेशप्रक्रिया पावसाळ्याच्या आरंभी सुरू होते आणि उत्सवापूर्वी दीड-दोन महिने मोकळ्या मैदानांवर सराव चालतो. निवड एका दिवसाच्या परीक्षेने होत नाही. ढोलाचे वजन पेलून तासन्‌तास चालणे, टिपरू व हाताची थाप यांचा मेळ राखणे, ठरलेले ‘हात’ चुकू न देणे आणि सरावाला नियमित येणे यांवरून वादकाची जागा ठरते. ताशासाठी कसोटी अधिक कठीण असते, कारण संपूर्ण पथकाची लय त्याच्यावर अवलंबून असते.

अमेरिकेतील ड्रम कोअरशी तुलना उद्बोधक ठरते. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांच्या आश्रयाने वाढलेल्या या पथकांची राष्ट्रीय संस्था १९७२ पासून स्पर्धा भरविते. हिवाळ्यातील शिबिरांतून वादक निवडले जातात, सदस्य शुल्क भरतात आणि अनेक पथकांनी बिंगोच्या खेळांतून निधी उभारला आहे. तेथे स्पर्धा हा केंद्रबिंदू आहे, येथे मिरवणूक.

जन्माऐवजी सराव हा निकष आला, ही निवडप्रक्रियेची निर्विवाद ऐतिहासिक उपलब्धी होय. स्त्रियांचा सहभाग हे तिचे सर्वात ठळक फलित आहे. मात्र शुल्क आणि दोन महिन्यांच्या संध्याकाळी ज्याला परवडतात तोच सरावाला येऊ शकतो. संध्याकाळी कामावर असणाऱ्या किंवा सुपारीवर घर चालविणाऱ्या वादकाला हे दार कागदोपत्री उघडे असूनही प्रत्यक्षात अरुंदच राहते.

पुरस्कार आणि मान्यता

पथकांना मिळणारी मान्यता मंडळांचे सत्कार, स्पर्धांतील करंडक व मिरवणुकीतील मानाचे स्थान अशा स्वरूपाची असते. राज्य शासनाने २०२२ मध्ये उत्कृष्ट सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांसाठी स्पर्धा घेतली. प्रथम पारितोषिक पाच लाख रुपयांचे होते आणि निकषांत ध्वनिप्रदूषणरहित वातावरणाचाही समावेश होता. २०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा देण्यात आला. न्यायालयीन पातळीवरही मान्यतेचा प्रश्न उपस्थित झाला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने ३० ऑगस्ट २०२४ रोजी पथकातील सदस्यसंख्येवर तीसची मर्यादा घातली. १२ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती देताना पुण्याच्या जीवनातील ढोल-ताशाचे स्थान मान्य केले. ज्या वाद्यामुळे वादकाला देवळाबाहेर उभे राहावे लागत होते, त्याच प्रकारच्या वादनाला देशातील सर्वोच्च न्यायपीठासमोर सांस्कृतिक ठेवा म्हणून स्थान मिळाले. हे अंतर एका शतकाहून कमी काळात कापले गेले आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब म्हणजे, पथकांनी वादनाला जातीच्या कर्तव्यातून बाहेर काढून स्वेच्छेच्या क्षेत्रात आणले. हे सामाजिक परिवर्तन अल्प नाही. दुसरी बाब म्हणजे, ही प्रतिष्ठा वाद्याला मिळाली, वाद्य पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या वादकाला ती त्याच प्रमाणात मिळाली नाही. १९५६ नंतर ज्यांनी वाद्य खाली ठेवले त्यांच्या वाट्याला बहिष्कार आला. अर्धशतकानंतर ज्यांनी ते स्वखुशीने उचलले त्यांच्या वाट्याला करंडक आले. या दोन घटना एकाच शहराच्या इतिहासात घडूनही सहसा एकत्र लिहिल्या जात नाहीत.

तिसरी बाब व्यवहाराची आहे. पथकांचा निधी सामाजिक कार्यासाठी वापरला जातोच. त्यातील काही वाटा परंपरागत डफडे व हलगीवादकांच्या मानधनासाठी राखणे, त्यांना सरावात प्रशिक्षक म्हणून सशुल्क पाचारण करणे आणि पुरस्कारांत त्यांच्यासाठी स्वतंत्र स्थान ठेवणे पथकांना शक्य आहे. नागपुरातील महाविद्यालयांच्या इतिहास व समाजशास्त्र विभागांनी वृद्ध वादकांच्या मौखिक आठवणींचे संकलन हाती घ्यावयास हवे. या पिढीची साक्ष गेली, तर ढोलाचा इतिहास उरेल. पण तो ज्यांच्या खांद्यावरून इथवर आला, त्यांचा उरणार नाही.