मुका टेलिफोन आणि खुला दुभाष्या

सुरतेचे नाव काढले की आपल्या घरांत शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. त्याच काळात या शहरात भीमजी पारेख नावाचे व्यापारी होते. ईस्ट इंडिया कंपनीचे ते दलाल. आपल्याकडील जुने ग्रंथ छापावेत या हौसेने त्यांनी कंपनीकडे मुद्रक मागितला. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईस आला. परंतु येथील अक्षरांचे खिळे त्याला घडवता येईनात. यंत्र होते, खर्च झाला होता. भाषा मात्र यंत्रात उतरेना.

ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. मध्यंतरी ती आमच्याच दारात येऊन उभी राहिली. उधन्यातील एका माजी विद्यार्थ्याने बंद पडलेल्या कचेरीतील अकरा इंटरनेट-टेलिफोन शाळेस भेट दिले. कार्यालय, शिक्षकखोली आणि वरचे वर्ग जोडले जातील, शिपायाच्या खेपा वाचतील, असा आमचा हिशेब. तारा जोडल्या, पडदे उजळले, पण आवाज नाही. त्यांचे मूळ एक्स्चेंज कचेरीबरोबरच गेले होते आणि नवे घेण्याची शाळेची ऐपत नव्हती.

असा टेलिफोन म्हणजे वास्तविक एक छोटा संगणकच. आवाजाचे बारीक तुकडे करून तो जाळ्यातून पाठवतो. हे काम बहुतेक कंपन्यांचे संच सारख्याच रीतीने करतात. अडते ते त्याआधीचे बोलणे : मी अमुक, मला तमुक हवा, त्याची घंटी वाजव. यासाठी ‘सिप’ नावाची सर्वांना खुली पद्धत १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. पण काही कंपन्यांची आपापली बोली होती. सिस्को कंपनीने १९९८ मध्ये सेल्सियस ही कंपनी विकत घेतली, तेव्हा तिची ‘स्किनी’ ही बोली सिस्कोकडे आली. या बोलीत टेलिफोन स्वतः फारसे काही ठरवत नाही. बटण दाबले की तो एक्स्चेंजला कळवतो. पडद्यावर काय दाखवायचे, तेही एक्स्चेंजच सांगते. धनी गेला की चाकर मुका.

यावरचा उपाय एका गरजवंताने काढला. त्याच १९९९ मध्ये अमेरिकेतील मार्क स्पेन्सर या तरुणाला आपल्या लहानशा कंपनीसाठी एक्स्चेंज हवे होते, विकतचे परवडेना. त्याने लिनक्सवर चालणारे एक्स्चेंज स्वतःच लिहिले आणि ‘अ‍ॅस्टरिस्क’ या नावाने सर्वांना खुले केले. जिम डिक्सन यांनी संगणकाला टेलिफोनच्या वाहिन्या जोडणाऱ्या कार्डाचा आराखडाही असाच खुला केला. पुढे स्वयंसेवकांनी स्किनीसारख्या बोलीही अ‍ॅस्टरिस्कला शिकवल्या. तारेवरून जाणारे संदेश न्याहाळायचे आणि अर्थ लावायचा. आपल्या दुभाषी घरांतली मुले शेजारची भाषा अशीच कानावर पडून शिकतात.

विद्या एकाच कारखानदाराच्या मुठीत राहू नये, ही दृष्टी आपल्या सीमाभागाला परकी नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेचे १२८ वाहिन्यांचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूरला सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय चालणारे हे यंत्र बनवण्याचे तंत्र संस्थेने परवान्याने अनेक कारखान्यांना दिले.

आमच्या विद्यार्थ्याने शाळेच्या जुन्या संगणकावर अ‍ॅस्टरिस्क बसवले. सात संचांत खुल्या पद्धतीची आज्ञावली भरता आली आणि ते बोलू लागले. वरच्या मजल्यावरून पहिली हाक आली, तेव्हा शिपायालाच जास्त आनंद झाला! उरलेले चार मात्र उघडेनात. सेवा देणाऱ्या कोणा कंपनीने त्यांत परवलीचा शब्द घातला होता. तो मागूनही मिळाला नाही. धडधाकट यंत्रे अखेर भंगारात गेली.

तेव्हापासून शाळेसाठी कोणतेही यंत्र घेताना, मग ते दान का असेना, मी दोन गोष्टी विचारतो : हे खुली भाषा बोलते का? आणि याची किल्ली आमच्या हाती देणार का? भीमजींकडे पैसा होता, यंत्र होते; अक्षरे मात्र त्यांच्या हाती नव्हती. आमच्या चार टेलिफोनांचे तेच झाले.