द्वंद्वाची कथा आणि पराभवाचे स्थान

लढतीच्या व्हिडिओ खेळांना कथा असते काय, हा प्रश्न बहुधा त्यांच्या कथानकांच्या सामान्यपणावर बोट ठेवून निकालात काढला जातो. कथानके सामान्य असतात, हे खरेच. परंतु आख्यानविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रश्न निराळे आहेत : खेळणाऱ्याचा पराभव कथेत कोठे बसतो, आणि अनेक शेवटांपैकी खरा कोणता हे कोण ठरवितो? यंत्राविरुद्ध एकट्याने खेळावयाच्या प्रकारांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर टू’मध्ये (१९९१) आठ योद्ध्यांपैकी एक निवडून उरलेल्या सातांशी आणि नंतर चार बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांशी लढावयाचे असते. या अकरा लढतींमध्ये कथा जवळजवळ नाहीच. बायसनचा पाडाव झाल्यावर ती मोजक्या चित्रांतून व वाक्यांतून प्रकटते. रियू पारितोषिक समारंभाकडे पाठ फिरवून पुढील लढतीच्या शोधात निघून जातो. चुन-लीचा पित्याच्या मृत्यूचा सूड पुरा होतो. गाइल सूडाच्या टोकाशी आलेला असताना पत्नी आणि मुलगी त्याला आवरतात. हे शेवट एकमेकांना छेद देतात, तरीही सर्व सारखेच ग्राह्य असतात. खेळणाऱ्याने ज्याला निवडले, त्याचेच जग खरे. शेवटी येणाऱ्या या फलश्रुतीचा यंत्राच्या अर्थकारणाशी निकटचा संबंध आहे. हरणाऱ्यापुढे उलटी गणना सुरू होई. नाणे टाकले की लढत पुन्हा मांडली जाई. म्हणजे पराभव ही कथेतील घटना नव्हतीच. तो कथेबाहेरचा व्यवहार होता.

या लोकशाहीला पहिला धक्का दिला तो पुढच्या भागांच्या गरजेने. नामकोच्या ‘टेकन’मध्ये प्लेस्टेशनवर (१९९५) प्रत्येक नायकाला चित्रफितीचा शेवट मिळाला, परंतु ‘टेकन टू’ने काझुयाचाच विजय इतिहास म्हणून स्वीकारला आणि इतरांचे शेवट स्वप्नवत ठरले. खेळणाऱ्याने कष्टाने मिळविलेला निष्कर्ष पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होतो, असे उदाहरण छापील कादंबरीत सहसा सापडणार नाही.

२०११ च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’ने निवडीचा हा अधिकार कथाप्रकारात काढूनच घेतला. येथे प्रकरणे ठरलेली, प्रत्येक प्रकरणाचा नायकही ठरलेला. आधी लिऊ कांग होऊन स्पर्धा जिंकणारा खेळाडू अखेरच्या प्रकरणात रायडेन होऊन त्याच लिऊ कांगशी लढतो, आणि पुढील दृश्यात लिऊ कांग मरतो. शोकात्म उपरोधाची ही जागा खरोखर प्रभावी आहे. मात्र तिची किंमतही आहे. खेळाडू हरला तर कथा केवळ थांबते. पान उलटण्यासाठी त्याला जिंकावेच लागते. चित्रपटाच्या प्रतिष्ठेचा मोह या घाटामागे स्पष्ट दिसतो.

याच्या तीन वर्षे आधी आर्क सिस्टम वर्क्सच्या ‘ब्लेझब्लू : कॅलॅमिटी ट्रिगर’ने (२००८) अधिक मूलगामी वाट शोधली होती. तेथे काही लढती हरल्यास कथा वेगळ्या फाट्यावर जाते, आणि संपूर्ण आख्यान पाहावयाचे तर मुद्दाम हरावेही लागते. कथानकात काळच पुनःपुन्हा आवर्तने घेत असल्यामुळे ‘पुन्हा खेळणे’ हा यांत्रिक संकेत आशयाचा भाग बनतो. पराभवाला अर्थ देणारी ही रचना दुर्दैवाने फारशी अनुकरणीय ठरली नाही. त्याच संस्थेच्या ‘गिल्टी गिअर झर्ड साइन’मध्ये (२०१४) कथाप्रकारातून लढतच वगळली गेली, खेळाडूने केवळ पाहावयाचे.

‘स्ट्रीट फायटर फाइव्ह’ फेब्रुवारी २०१६ मध्ये आला तो जुन्या आर्केड प्रकारावाचून. त्याच वर्षी त्याला सलग चित्रपटीय कथा जोडली गेली, तरी टीका शमली नाही. जानेवारी २०१८ च्या आवृत्तीत आर्केड प्रकार परतला तेव्हा त्यात मालिकेच्या निरनिराळ्या पर्वांच्या नावे वाटा होत्या, आणि एकाच योद्ध्याला पुन्हा अनेक शेवट मिळाले.