फसव्या आमिषांचा इतिहास
माशाला फसविण्यासाठी मनुष्याला प्रथम माशाचेच शिष्यत्व पत्करावे लागले, असे कृत्रिम आमिषांचा इतिहास पाहता आम्हांस वाटते. इसवी सन 200 च्या सुमारास रोमन ग्रंथकार ईलियन याने मॅसिडोनियातील कोळ्यांची युक्ती वर्णिली आहे. तेथील मासे ज्या कीटकावर झडप घालीत, तो हाती धरताच विवर्ण होई. म्हणून ते गळाला तांबडी लोकर व कोंबड्याची दोन पिसे बांधीत. 1852 साली अमेरिकेत ब्यूएल याने चमच्यासारख्या चकाकत्या आमिषाचे पेटंट मिळविले. 1936 साली फिनलंडच्या लाउरी रापाला याने बुचाचा मासा कोरला. तो पाण्यातून ओढला असता जखमी मासळीसारखा लटपटत जाई. रंग, चकाकी, चाल. दर पायरीस मनुष्य माशाच्या दृष्टीने पाहू लागला. परंतु एवढे सूक्ष्म ज्ञान अखेर गळालाच बांधले गेले, हे विसरून कसे चालेल?